चाँदभाईंचं कुत्रं चावलं नव्हतं

संपादक फोनवर म्हणाले, "गंगाधरराव, कुत्र्यांच्या गमतीजमती लिहा. लोक आवडीनं वाचतात." खरं आहे त्यांचं. नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली आणि तिच्यातला निम्मा काळ मी कुत्र्यांच्या मागे होतो. लग्नाकार्यात, निरोप समारंभात या गमती इतक्यांदा सांगून झाल्या आहेत की आतल्या खोलीत बसलेली माझी बायको, कुसुम, पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणते. त्यातल्या एक-दोन इथेही येतील. पण एक गोष्ट मी कुठेच सांगितलेली नाही, आणि या वेळी लिहायला बसलो तो तिच्यासाठी.

चाँदभाई गादीवाले यांचं कुत्रं वसतिगृहातल्या एका मुलाला चावलं नव्हतं. चावलं होतं दुसरंच, आणि ते कोणाचं हे मला त्याच सकाळी माहीत होतं. तरी चारचौघांत मी चाँदभाईंचं नाव घेतलं आणि त्यांचा धंदा बसला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगीच बरं मत होणार नाही.

शहराचं नाव लिहीत नाही. लातूर-नांदेड भागात भूकंपानं ज्यांच्या भिंती तडकल्या आणि पुढे शिकवण्यांनी ज्यांच्या इमारती वाढवल्या, त्यांतलंच एक. औशापासून फार लांब नाही. इथल्या माणसाला एवढं पुरे.

लोकांना वाटतं, कुत्री पकडणं म्हणजे धावणं. धावायचं काम कामगारांचं. निरीक्षकाचं खरं काम म्हणजे कुत्रं कोणाचं ते ठरवणं. नियम सोपा होता. कुत्रं पाळायचं तर परवाना काढायचा, पालिका पितळेचा बिल्ला द्यायची, तो त्याच्या गळ्यात बांधायचा. बिल्ला नसेल ते बेवारस. पण बिल्ले आमच्या कपाटात पडून काळे पडले होते, कारण गल्लीनं स्वतःची वेगळी पद्धत काढली होती. आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की बायका घरातून धावत निघायच्या. कुणाच्या हातात परकराची नाडी, कुणाकडे सुतळी, कुणाकडे जुन्या साडीचा काठ. समोर दिसेल त्या कुत्र्याच्या गळ्यात ती बांधायची आणि ओरडायचं, "आमचं हाय ते! हात नका लावू!" एकदा एकीनं घाईत शेजारणीच्या शेळीला नाडी बांधली, आणि "आमचं हाय"वरून दोघींचं भांडण आम्हाला सोडवावं लागलं.

गळ्यात काही दिसलं की आम्ही ते कुत्रं सोडायचो. चार दिवसांनी तेच कुणाला तरी चावायचं, आणि मी त्याच दारात उभा.

"बाई, हे कुत्रं तुमचंच ना?"

"न्हाई बा. कुणाचं की."

"मग ही नाडी कुणी बांधली?"

"लेकरानं बांधली असंल."

"लेकरू कुणाचं?"

"लेकरू आमचं हाय. कुत्रं न्हाई."

यावर माझा एक उपाय होता. शांतपणे कामगारांना म्हणायचं, "बरं, मग टाका गाडीत." कुत्रं उचललं की आतल्या घरातून एखादी म्हातारी बाहेर यायचीच, "आरं माझ्या वाघ्याला कुठं नेऊन राहिले रं!" मालक सापडला. मग दंड, समज, आणि चावा बसलेल्याच्या औषधाचं बघायचं. बहुतेकदा भांडण चहावर मिटायचं.

उलट्या तऱ्हेचे लोकही भेटले. एक बंगलेवाले गृहस्थ परवान्याचे पैसे घेऊन कचेरीत आले. मी विचारलं, "कुत्रं कुठंय?"

"कुत्रं नाही हो. त्याचं करायला घरात माणूस कुठंय? बिल्ला तेवढा द्या, फाटकाला लावतो. चोराला कळलं पाहिजे की आत परवान्याचं कुत्रं हाय."

"चोर बिल्ला वाचून परत जाईल?"

"साहेब, चोर आता शिकलेले हायेत."

मी बिल्ला दिला नाही. पण नंतर पुष्कळ मालक बघितल्यावर वाटलं, त्या गृहस्थांइतका निरुपद्रवी मालक मला दुसरा मिळाला नाही.

आता भूकंपाचं. त्याआधी आमच्याकडे कुत्री गल्लीची असायची, घराची क्वचित. भूकंपानंतर पडलेल्या गावांतली माणसं शहरात आली आणि सांगू लागली की त्या रात्री कुत्री आधीपासून रडत होती. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण ऐकणाऱ्यांनी ते मनावर घेतलं. शहर महिनोन्महिने घराबाहेर झोपत होतं, ताडपत्रीखाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, हातगाड्यांवर, आणि खाटेखाटेच्या पायाला कुत्रं बांधलेलं. कुत्रं उठलं की माणसं उठायची. मांजर बघून एखादं भुंकलं तरी अख्खं मैदान लेकरं काखेत मारून उभं राहायचं.

मग धक्के कमी झाले. माणसं घरात गेली आणि कुत्री बाहेर राहिली. त्यांना खाटेखाली झोपायची, हातानं दिलेली भाकरी खायची सवय लागलेली. ती दारं खरडायची, लोक वरून पाणी फेकायचे. आमच्या शहरात कुत्र्यांचा त्रास खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला. हे मी पुढे कित्येक बैठकांत सांगितलं. दरवेळी कोणीतरी म्हणायचं, "निरीक्षक, विषयाला धरून बोला."

त्या दिवसांत आम्ही अण्णांच्या मोकळ्या प्लॉटवर राहत होतो. अण्णा म्हणजे आमच्या भागातले आडत दुकानदार, शब्दाला वजन असलेला माणूस. माझ्या भाड्याच्या घराची मागची भिंत कलली तेव्हा त्यांनी स्वतः निरोप पाठवला, "गंगाधर, लेकीला घेऊन इकडं ये. जागा मोकळीच हाय." पुढचा पावसाळा येईपर्यंत आम्ही तिथे होतो. त्यांच्या घरून माझ्या मुलीला दूध यायचं. कधी बोलून दाखवलं नाही, कधी परत मागितलं नाही. अण्णांनीही धक्के ओळखायला म्हणून हैदराबादहून अल्सेशियनचं पिल्लू आणलं होतं. त्याचं नाव टायगर. ते माझ्या मुलीच्या मांडीवर झोपायचं.

मग शिकवण्यांचे दिवस आले. गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, खेड्यांतून पोरं येऊ लागली. अण्णांच्या त्याच प्लॉटवर वसतिगृह उभं राहिलं. समोर चाँदभाईंचं गादीचं दुकान. जूनमध्ये बाप-लेक एसटीतून उतरायचे, ट्रंक आणि बादली ठेवायचे, आणि पहिली खरेदी गादी. चाँदभाई मुलाला उभं करून नजरेनंच माप घ्यायचे. बापाला म्हणायचे, "ह्याची उंची अजून वाढणार हाय. चार बोटं जादा धरतो, पैसे नक्को." कापूस पिंजायच्या यंत्रापुढे बसून त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या. त्यामुळे तरुणपणीच म्हातारे दिसायचे.

त्यांच्या दुकानाच्या पायरीवर भुऱ्या असायचा. रंगानं मातकट, एक कान पडलेला. मी एकदा विचारलं, "चाँदभाई, तुम्ही कुत्रं पाळलंत?"

"घरात न्हाई घेत, साहेब. नमाजाचे कपडे असतात. पन पायरीवर त्याचा हक्क हाय. भूकंपात माझ्या खाटेला हुता. आता कसा हाकलू?"

इतरांसारखी त्यांनी नाडी बांधली नव्हती. गादीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाचा गळपट्टा करून जाड दोऱ्यानं शिवून टाकला होता. "नाडी सुटते, शिलाई सुटत न्हाई," म्हणाले. परवाना काढा, रेबीजची सुई टोचून घ्या, असं मी त्यांना सांगितलं होतं. "हौ साहेब, उद्या येतो," एवढंच व्हायचं.

टायगरचं सगळं व्यवस्थित होतं. परवाना, बिल्ला, वेळच्या वेळी सुया, दूध-अंडी. पण अण्णांनी त्याला वसतिगृहाच्या कामाला लावलं होतं. अभ्यासाची घंटा झाली की टायगर आवारात मोकळा सोडायचा, म्हणजे पोरं सिनेमाला पळत नाहीत. पालकांना ही शिस्त फार आवडायची. पोरं मात्र लघवीला जातानाही काठी घेऊन जायची. पहाटेच्या बॅचआधी वॉचमननं टायगरला बांधायचं, असा रिवाज होता. मी एकदा म्हटलं, "अण्णा, फाटकाची कडी बळकट करा. त्याच्या तोंडाला जाळी तरी घाला. कुणाला चावलं तर तुमच्यावर फौजदारी होईल."

अण्णा हसले. "अरे गंगाधर, ते काय कुत्रं हाय? ते आमचं रेक्टर हाय."

मीही हसलो. निरीक्षक म्हणून मी तिथे नोटीस द्यायला हवी होती.

थंडीचे दिवस होते. वॉचमन न सांगता गावी गेला होता आणि फाटक उघडं राहिलं होतं. पहाटेच्या बॅचला निघालेल्या संतोष नावाच्या मुलामागे टायगर रस्त्यावर आला. संतोष बिलोलीकडचा, बारावीला. सायकलवरून पडला. टायगरनं त्याची पोटरी फाडली. अंधुक उजेड, त्यात गल्लीतली सगळी कुत्री ओरडत जमा झाली. चहावाल्यानं उकळतं पाणी फेकलं तशी ती पांगली. झडप मागून आलेली, त्यामुळे संतोषलाही काही दिसलं नव्हतं, आणि आता तो बेशुद्ध होता. नक्की कोणतं कुत्रं चावलं, कुणीच नीट पाहिलं नव्हतं. मी जवळच राहायचो, मला बोलवायला आले.

रस्त्यावर मुलाला रिक्षात घालत होते. मी आधी फाटकातून आत गेलो, कारण माझा संशय तिथेच होता. मागच्या नळाशी अण्णा स्वतः बादली घेऊन टायगरचं तोंड धूत होते. त्याच्या दातांत पँटच्या कापडाचे धागे होते. टायगर मला बघून शेपटी हलवत होता.

अण्णा उठले नाहीत. म्हणाले, "गंगाधर, हे बाहेर कळलं तर उद्या सगळे बाप आपापली पोरं घेऊन जातील. इमारत रिकामी होईल. कर्ज काढून बांधलीय."

त्यांनी बादली बाजूला ठेवली.

"तुला मी आजवर काही मागितलं का?"

नव्हतं मागितलं. त्यांनी ताडपत्रीचं, दुधाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मला राग तरी आला असता.

मी बाहेर आलो. चौकात गर्दी. "साहेब, कुणाचं कुत्रं? साहेब, सांगा!" गर्दीच्या कडेला भुऱ्या उभा होता. बाकी कुत्र्यांच्या गळ्यात काही नव्हतं, किंवा कुणाचीही म्हणता येईल अशी नाडी होती. ज्याचा मालक कापडावरून ओळखू येत होता असं कुत्रं तेवढं एकच. मी हात करून म्हणालो, "हे चावलंय. पट्ट्याचं कापड बघा. चाँदभाईंचं आहे."

चाँदभाई तेवढ्यात घराकडून दुकानाच्या किल्ल्या घेऊन आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ऐकल्यावर म्हणाले, "साहेब, भुऱ्या तर आत्ता माझ्या पुढं पुढं घरापासून आला. रोज येतो. ते कधी चावलं?"

"मग हे कुत्रं तुमचं नाही का?"

"माझंच हाय. ना न्हाई म्हनत. कुत्ता मेरा है. पन चावलं न्हाई."

"परवाना आहे? रेबीजचं टोचलंय?"

त्यांनी खाली बघितलं. माझ्या हातात कायदा होता आणि मी तो वापरला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बघा! टोचलं बी न्हाई!" तिथे विषय संपला.

चावलेलं कुत्रं मारायचं नसतं. ते बांधून दहा दिवस बघायचं असतं. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावा बसलेल्या माणसाला रेबीजची भीती नसते. मी शाळाशाळांतून मुलांना हे शिकवत होतो. पण त्या काळी कुत्री मारणं हीच सगळीकडची पद्धत होती, मांसाच्या तुकड्यातून विषाची गोळी द्यायची, आणि गर्दीला त्याच दिवशी काहीतरी झालेलं बघायचं होतं. शिवाय भुऱ्या दहा दिवस बांधला असता तर त्या दहा दिवसांत कुणीतरी मला प्रश्न विचारला असता. दुपारपर्यंत भुऱ्या गेला. चाँदभाईंनी त्याला मागच्या उकिरड्यावर टाकू दिलं नाही. गादीच्या खोळीत गुंडाळून हातगाडीवरून कुठेतरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संतोषचे वडील आले. बिलोलीहून गाड्या बदलत, खांद्यावर टॉवेल, डोळे सुजलेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"साहेब, कुत्रं जितं हाय का मेलं, तेवढंच सांगा."

"का हो?"

"डाक्टर म्हनले, कुत्रं जितं राहिलं तर दहा दिसांनी सुया बंद करता येतील. न्हाईतर चौदा घ्याव्या लागतील. पोटात. पोराची परीक्षा तोंडावर आलीया, साहेब."

टायगर त्या वेळी अण्णांच्या मळ्यात, चिंचेखाली बांधलेला होता. टोचलेला, ठणठणीत. खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायला लावली असती आणि त्या पोराच्या उरलेल्या सुया वाचल्या असत्या.

"मेलं," मी म्हणालो.

"बरं झालं मेलं ते," असं म्हणून त्यांनी मला हात जोडले.

तेव्हा सरकारी दवाखान्यात पोटातल्याच सुया मिळायच्या. संतोषचं पोट सुजलं, त्याला बसून लिहिता येईना. वडील त्याला गावी घेऊन गेले. परीक्षा त्यानं पुढच्या वर्षी दिली. म्हणजे पोराचं एक वर्षही माझ्याच खात्यावर.

चाँदभाईंना कुणी मारलं नाही की शिवी दिली नाही. आमच्याकडे असं उघड काही होत नाही. नव्या जूनमध्ये वसतिगृहवाले पालकांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता देऊ लागले. "तिकडं नका जाऊ, तो कुत्रेवाला हाय." गादीवाल्याचा कुत्रेवाला झाला. गल्लीतली पोरं दुकानासमोरून जाताना भुंकायची. एक हंगाम त्यांनी रिकामा काढला आणि सासुरवाडीला, कंधारला, जायचं ठरवलं. पिंजायचं यंत्र टेंपोत चढवत होते तेव्हा मी सायकलवरून तिथून गेलो. त्यांनी मला बघितलं. मी उतरलो नाही.

टायगर मळ्यात म्हातारा होऊन मेला. त्याच्यासाठीही मला वाईट वाटतं. माणसांच्या अंगाखांद्यावर वाढलेलं ते कुत्रं, त्याला माणसांवर सोडायला शिकवलं अण्णांनी, आणि त्यानं शिकवलेलं केलं तेव्हा उरलेला जन्म साखळीत.

पुढे कायदा बदलला. कुत्री मारायची नाहीत, नसबंदी करून, रेबीजची सुई टोचून जिथली तिथे आणून सोडायची. बरेच सहकारी वैतागले, पण मी मनापासून त्या कामाला लागलो. गल्लोगल्ली ध्वनिक्षेपक घेऊन फिरलो. पिल्लू आणलंत तर बांधा, टोचा, त्याची घाण उचला, कंटाळा आला म्हणून बसस्टँडवर नेऊन सोडू नका. चावलं तर पहिल्यांदा पुढे या. मला लोक हौसेनं कुत्र्यांचे साहेब म्हणायला लागले. सत्कारही झाला. शाल घेताना मला एकच गोष्ट आठवत होती. माझ्या सबंध नोकरीत चावा झाल्यावर "कुत्रं माझंच हाय" असं आपणहून म्हणणारा मालक मला एकच भेटला, आणि त्याचं कुत्रं चावलेलं नव्हतं.

अण्णा वारल्यावर मी हे लिहायला घेतलं. ते असताना धीर झाला नाही, हेही लिहून ठेवतो.

लिहिण्याआधी बिलोलीला गेलो. संतोष आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा सुटल्यावर कडुलिंबाखाली त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "सर, माझं मी कधीच विसरलो. पण माझा बाप तुमचं नाव घेऊन लोकांना सांगायचा, कुत्रं मारून दिलं साहेबांनी म्हणून. त्याला सांगायला पाहिजे होतं तुम्ही." वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. शाळेचं फाटक लावून तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

एका माणसाच्या बाबतीत उशीर झाला होता. दुसऱ्याच्या बाबतीत होऊ द्यायचा नव्हता. इथपर्यंतचा मजकूर पिशवीत घालून मी कंधारची एसटी धरली.

किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाँदभाईंचं लहानसं दुकान आहे. आता यंत्र मुलगा चालवतो, ते टाके घालतात. मला ओळखलं. "बसा साहेब," म्हणाले आणि चहा सांगितला. मी कागद काढून वाचून दाखवलं. ते ऐकता ऐकता गादी शिवत होते. मी वाचायचा थांबलो तरी सुई थांबली नाही.

"गल्लीचं नाव न्हाई लिव्हलं?"

"नाही."

"शहराचं?"

"नाही."

"अण्णांचं पुरं नाव?"

"ते आता नाहीत, चाँदभाई. उत्तर द्यायला माणूस नसताना..."

"मग साहेब, ह्यात नाव माझं एकट्याचंच आलं." दोरा दातानं तोडून ते म्हणाले. "पुन्यांदा."

मी कागद मिटले. म्हणालो, "सांगा, काय बदलू?"

"काई नका बदलू. छापा. पन आमच्या गल्लीत हे कोन वाचतंय? तवा तुम्ही लिवून दिलं नव्हतं. चौकात उभं राहून बोलला हुता. तसंच बोला."

"बोलतो. कधी येऊ?"

"येऊ कशाला? मी बी संगं येतो. गाडी हाय आत्ता."

मुलगा म्हणाला, "अब्बा, गुडघे दुखतेत ना तुमचे?" चाँदभाई चपला शोधायला लागले होते. मी कुसुमला फोन केला. तिला मी आदल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "जा. आणि चष्मा लावून बोला. समोर कोण आहे ते नीट दिसू द्या."

एसटीत आम्ही शेजारी बसलो. वाटेत त्यांनी मला एवढंच विचारलं की साहेब, तुमची पेन्शन वेळेवर येते का. माफीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. माफी हा त्यांच्याकडून मागून घ्यायचा माल नव्हता.

गल्लीत पोचलो तेव्हा संध्याकाळच्या बॅचा सुटल्या होत्या. गादीच्या दुकानाच्या जागी झेरॉक्स आणि ज्यूस सेंटर आहे. अण्णांच्या वसतिगृहाला दोन मजले वाढलेत, ते आता त्यांचा मुलगा चालवतो. पाठीला बॅगा लावलेली पोरं-पोरी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. कोपऱ्यावर भाजी विकणारी शेवंताबाई तेवढी जुनी. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि आनंदानं ओरडली, "अगं बाई! कुत्रेवाले चाँदभाई का वो तुम्ही?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला त्यांचं तेच नाव माहीत होतं. चाँदभाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर चढलो. "जरा ऐका," म्हणालो. एका पोरानं कानातला इअरफोन काढून विचारलं, "आजोबा, कोणत्या क्लासची जाहिरात?" त्याचे मित्र हसले.

"जाहिरात नाही बाळा. मी इथला निरीक्षक होतो. तुम्ही जन्मायच्या आधी इथे एका मुलाला कुत्रं चावलं होतं. ते या चाँदभाईंचं होतं असं मी याच चौकात सांगितलं. ते खोटं होतं. चावलं ते समोरच्या वसतिगृहाचं कुत्रं, आणि मला ते माहीत होतं."

काही पोरं थांबली, काही गेली. शेवंताबाईनं वजनकाटा खाली ठेवला. फाटकातून अण्णांचा मुलगा आला. लहानपणी आमच्या ताडपत्रीखाली तो माझ्या मुलीबरोबर जेवायचा. माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाला, "काका, हे काय करून राहिलात? भूकंपात अण्णांनी तुम्हाला जागा दिली होती."

"दिली होती रे. तेही सांगतो मी."

"अण्णा गेले आता. गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढता?"

मी काही म्हणायच्या आत चाँदभाई पुढे झाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चढा सूर न लावता.

"अण्णा गेले, बेटा. मी हाय अजून." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तिकडं कडंला उभ्यांना ऐकू गेलं न्हाई. मोठ्यानं बोला."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं, अण्णांच्या पूर्ण नावासकट.